वीस लाख गुणांचा नंदूदादा

नंदूदादाला ‘कसा आहेस?’ असं खुशाल विचारावं. ‘फोन कसा आहे?’ असं मात्र लोकलमध्ये तरी विचारू नये. पहिल्या प्रश्नाला ‘मजेत’ एवढंच उत्तर येतं. दुसऱ्याचं उत्तर डोंबिवलीला सुरू होतं आणि घाटकोपरला उतरणारा माणूस कुर्ल्याला उतरून उलटी गाडी पकडतो.

तो माझा मावसभाऊ. पन्नाशीला टेकलेला, सरकारी कचेरीत लेखा विभागात. दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांवर आक्षेप काढून संध्याकाळी घरी आला की तो फोनांवर आक्षेप काढतो. शर्टाच्या खिशातला फोन ‘वापरातला’, पँटच्या खिशातला ‘चाचणीवरचा’ आणि बॅगेत खोक्यासकट ठेवलेला ‘काढायचा’. कुठला कुठे आहे हे त्याला न बघता सांगता येतं. वाजला तर कुठला वाजला हे सांगायची वेळ येत नाही, कारण तिन्हींतला एकही वाजत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

नात्यात, कचेरीत, सोसायटीत कुणालाही फोन घ्यायचा झाला की गाडी नंदूदादापाशी येते. विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. नंदूदादा नाव सांगत नाही, आधी जबानी घेतो.

“बजेट किती?”

“दहा हजार.”

“दहात ईएमएमसी स्टोरेज गळ्यात मारतात. वर्षभरात रडशील. बारा कर, यूएफएस मिळेल.”

“बरं, बारा.”

“बारापर्यंत आलासच, तर पंधरात १२० हर्ट्झचा अ‍ॅमोलेड आहे.”

“पंधरा जरा…”

“आणि पंधरा देणारच असशील, तर वरच्या चार-पाच हजारांसाठी कॅमेरा का सोडतोस?”

मुलुंड येईपर्यंत दहाचे चोवीस झालेले असतात, समोरच्यानं मनातल्या मनात हप्ताही बसवलेला असतो, आणि मग नंदूदादा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, “पण आत्ता घेऊ नकोस. पुढच्या महिन्यात नवा येतोय.” त्याच्या कचेरीतला एक सहकारी या वाक्यावर विश्वास ठेवून कधीपासून थांबला आहे. त्याच्या जुन्या फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलंय. त्यावर रबरबँड लावून तो पुढच्या महिन्याची वाट बघतोय. (फुगलेली बॅटरी रबरबँडनं दाबू नये, ती बदलावी. हेही त्याला नंदूदादानंच सांगितलंय, पण बॅटरीला पैसे कशाला घालायचे, पुढच्या महिन्यात नवाच येतोय!)

गंमत म्हणजे नंदूदादाचं ज्ञान खोटं नाही. त्याच्या जागी दुसरा कुणी नुसते आकडे फेकून मोकळा झाला असता. नंदूदादाला त्या आकड्यांच्या मागचं यंत्र ठाऊक आहे. ईएमएमसी एका वेळी एकतर वाचतं नाहीतर लिहितं. त्यामुळे फोन मागच्या मागे अ‍ॅप अपडेट करायला लागला की पुढे बोट लावलेलं काहीच उघडत नाही. यूएफएस दोन्ही कामं एकदम करतं. ‘८ अधिक ८ जीबी रॅम’ अशी जाहिरात दिसली की तो हसतो. यातली दुसरी आठ ही रॅम नाही, स्टोरेजमधली जागा रॅम म्हणून वापरायला काढलेली असते, आणि ती मूळ रॅमपेक्षा कितीतरी हळू असते. दर पाच मिनिटांनी ‘क्लिअर ऑल’ दाबून फोन हलका करणाऱ्यांवर त्याचा विशेष राग. “अरे, झोपलेलं अ‍ॅप काही खात नाही. त्याला मारून पुन्हा जन्माला घालण्यातच बॅटरी जाते!” हे तो इतक्या पोटतिडकीनं सांगतो की ऐकणारा घाबरून फोन खिशात ठेवतो आणि दादाची पाठ वळली की पुन्हा ‘क्लिअर ऑल’ दाबतो.

त्याचा इतिहास सांगायचा तर सॅमसंग गॅलक्सी वायपासून सुरुवात करावी लागेल. 2011 चा तो फोन, तीन इंचांचा पडदा, आणि आत जागा इतकी टिचभर की एक अ‍ॅप टाकायचं तर दुसरं काढावं लागे. मग मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास 2 आला. दहा हजारांच्या आत पाच इंचांचा पडदा. नात्यात त्याला ‘पाटी’ म्हणायचे. 2014 मध्ये नंदूदादाच्या आयुष्यात वसंत फुलला. फेब्रुवारीत साडेबारा हजारांचा मोटो जी. त्यानं महागडा नसलेला फोनही न अडखळता चालू शकतो हे भारताला पहिल्यांदा दाखवलं, असं दादाचं मत आहे आणि माझंही. मग शाओमी आली, तिच्याबरोबर फ्लॅश सेल आले. 5,999 रुपयांच्या रेडमी 1एससाठी दादानं कचेरीतल्या चार संगणकांवर चार जणांना बसवलं होतं, आणि तो मिळाला. गरज नव्हती. पण मिळाला! वर्षअखेरीला वनप्लस वन आला, तोही निमंत्रण असल्याशिवाय विकत मिळत नसे. एकवीस हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये खर्चायला कुणीतरी आपल्याला परवानगी द्यावी लागते, याचा दादाला इतका आनंद झाला की निमंत्रणाचा ईमेल त्यानं छापून घेतला. सरकारी कागदावर नव्हे, स्वतःच्या.

त्या काळी अँड्रॉइडच्या आवृत्त्यांना मिठायांची नावं असत. कपकेक, डोनट, जेलीबीन, किटकॅट. ‘पी’ची पाळी आली तेव्हा दादानं घरात पुरणपोळीची बाजू लावून धरली होती. गुगलनं ‘पाय’ ठेवलं, आणि पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, नावंच बंद करून नुसता 10 हा आकडा लावला. दादाला ते मनापासून पटलं. त्याला आकडेच आवडतात.

सगळ्यात आवडता आकडा अँटुटूचा. हे अ‍ॅप फोनला घामाघूम करतं. गणितं करायला लावतं, चित्रं हलवायला लावतं, फायली लिहायला-वाचायला लावतं, आणि शेवटी गुण देतं. दादाच्या सध्याच्या फोनला वीस लाखांवर गुण आहेत. तो दहावीच्या निकालाच्या चालीवर हा आकडा सांगतो, आणि पालकांचे सगळे गुणधर्म त्याच्यात उतरले आहेत. शेजाऱ्याचा फोन दीड लाखानं पुढे गेला तर ‘त्याची आवृत्ती वेगळी होती, पेपर सोपा होता’ (हे खरंच आहे, दोन आवृत्त्यांचे गुण एकमेकांशी ताडता येत नाहीत). आपल्याला कमी पडले तर ‘त्या दिवशी उकाडा होता’. कॉपीची प्रकरणंही त्याला पाठ आहेत. 2013 मध्ये उघड झालं की बऱ्याच बड्या कंपन्यांचे फोन चाचणीचं अ‍ॅप नावावरून ओळखतात आणि तेवढ्यापुरता प्रोसेसर सुसाट सोडतात. 2022 मध्ये उलटी तऱ्हा निघाली. सॅमसंगच्या गॅलक्सी एस22 सारख्या फोनांत एक सेवा गेम आणि इतर अ‍ॅपना लगाम घालत होती, चाचणीच्या अ‍ॅपना मात्र मोकळं सोडत होती. गीकबेंच या तशाच दुसऱ्या चाचणीनं त्या मालिकेचे गुणच यादीतून काढून टाकले. दादा ही कथा सांगताना आवाज खाली आणतो. पर्यवेक्षक दिसला की अभ्यासू चेहरा करायचा, हे फोनला कुणी शिकवलं असेल, असं तो विचारतो, आणि मग स्वतःचा फोन फ्रीजमध्ये ठेवतो.

हो, फ्रीजमध्ये. फोन तापला की स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो. म्हणून पहिल्या फेरीत वीस लाख मिळवणारा फोन लागोपाठच्या पाचव्या फेरीत गळपटतो. उपाय एकच, गारवा. मे महिन्यात एकदा वहिनी कोथिंबीर काढायला गेल्या तर दह्याच्या भांड्याशेजारी फोन उभा, पडद्यावर कुठलातरी राक्षस उड्या मारतोय.

“अहो, हे काय?”

“हात लावू नकोस! जीपीयूची फेरी चालू आहे.”

वहिनींनी दही काढून घेतलं, दार लावलं. दार लावताना फ्रीजचा दिवा मालवला आणि दादाचा चेहरा उजळला, कारण आत तापमान आणखी उतरणार होतं. त्या फेरीत अठ्ठावीस हजार गुण वाढले. बाहेर काढल्यावर काचेवर दव जमलं आणि फोन चार्जिंग घेईना. पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचना संध्याकाळपर्यंत झळकत राहिली. वाढलेले गुण मात्र वहीत चढले. दोनशे पानी वही आहे, लेखा विभागाला शोभेल अशी, लाल शाईनं रकाने आखलेली.

या घरात कुठलाही फोन सरळ दुकानातून कुणाच्या हातात पडत नाही. आधी दादा, दादाकडून मुलाकडे, मुलाकडून वहिनींकडे, वहिनींकडून मावशीकडे, म्हणजे दादाच्या आईकडे, आणि तिथून स्वयंपाकघरातल्या फळीवर, भजनं लावायला. ही साखळी वर्षानुवर्षं सुरळीत चालली आणि 2018 च्या एका फोनपाशी अडली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पोको एफ1 आला. स्नॅपड्रॅगन 845, जो प्रोसेसर एरवी तीस हजारांच्या पुढच्या फोनांत मिळे, तो 20,999 रुपयांत. दादानं घेतला, वर्षभर गुण काढले, मग तो मुलाकडे गेला आणि पुढे वहिनींकडे. वहिनी काही तो सोडेनात. काचेला डाव्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्याएवढा तडा आहे, बॅटरी एकदा बदललीय, मागच्या कव्हरमध्ये रेल्वेचा पास आणि दहाची नोट. त्याच्यावर दूधवाल्याचा हिशोब, भाजीवालीचा क्यूआर, गॅसचं बुकिंग, सोसायटीचा ग्रुप, मुलाच्या कॉलेजची फी, सगळं चालतं. दादा त्याला ‘निवृत्त’ म्हणतो. वहिनी म्हणतात, “निवृत्त झाला तरी घर तोच चालवतोय.”

आणि खरोखरच चालवतो. कारण दादा सतत फोन बदलतो, आणि फोन बदलणं म्हणजे नुसतं सिम उचलून दुसऱ्या खाचेत सरकवणं उरलेलं नाही. यूपीआयचं अ‍ॅप नव्या फोनला ओळखत नाही. ते सिममधून मेसेज पाठवून खात्री करून घेतं, पुन्हा पिन मागतं. व्हॉट्सअ‍ॅप नव्यानं नोंदवावं लागतं. बँकेचं अ‍ॅप हा फोन तुमचाच कशावरून, असं विचारतं. हे सगळं पुरं होईस्तोवर दादाचा पुढचा फोन आलेला असतो. वीस लाख गुणांचा फोन हातात धरून तो वहिनींबरोबर वडापावच्या गाडीपाशी उभा राहतो आणि म्हणतो, “हिला पैसे मागा.” शेवटी वहिनींनीच तोडगा काढला. पोकोत दोन सिम बसतात. दादाचं सिम त्यांनी आपल्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घातलं. ओटीपी, कचेरीचे फोन, बँक, सगळं तिथे येतं. दादाच्या खिशातले फोन वाय-फायवर जगतात आणि चाचण्या देतात.

आता मावशीच्या फोनची हकिकत सांगितली पाहिजे, कारण दादाची खरी कर्तबगारी तिथे दिसते. मावशीचा फोन इतका हळू झाला होता की ती बोट लावून पोळी उलटायला जात असे आणि परत येईस्तो अ‍ॅप उघडलेलं असे. तिची काही तक्रार नव्हती, पण दादाला ते बघवेना. त्यानं फोन उघडला. बत्तीस जीबीत फक्त काहीशे एमबी शिल्लक. बाकी सगळीकडे सुप्रभात. गुलाब, सूर्य, चहाचा कप, विठोबा, पुन्हा गुलाब. स्टोरेज काठोकाठ भरलं की फोनला श्वास घ्यायला जागा राहत नाही. तात्पुरत्या फायली ठेवायच्या कुठे, जुन्या पुसायच्या कधी? वेगाच्या सगळ्या चाचण्या दुकानातून आलेल्या मोकळ्या, थंड फोनवर होतात. ज्या फोनला चार भाऊबंद आणि एक भिशीचा ग्रुप आहे, त्याची चाचणी कोण घेतो? मला विचाराल तर कंपन्यांनी गुण जाहीर करताना फोन मावशीकडे दोन महिने वापरायला द्यावा.

दादानं सुप्रभात पुसले. मावशीनं विठोबा तेवढे ठेवायला लावले. मग दादानं आपली खास विद्या काढली. सेटिंग्जमध्ये जाऊन, अबाउट फोन उघडून, बिल्ड नंबरवर सात वेळा बोट आपटलं.

“सात कशाला रे?” मावशीनं विचारलं.

“तसंच असतं, आई.”

“फेरे काय?”

सातव्यांदा बोट लागलं आणि फोननं मावशीला डेव्हलपर झाल्याची सूचना दिली. आत अ‍ॅनिमेशनचे तीन आकडे असतात. अ‍ॅप उघडताना खिडकी जी मोठी होत होत येते, त्या हालचालीला किती वेळ द्यायचा, याचे. दादानं एकाचे अर्धा केले. प्रोसेसर तोच, रॅम तीच, नाटक निम्म्यावर आलं. मावशीचा फोन चक्क पळायला लागला. शेजारच्या बायका आपापले फोन घेऊन आल्या. दादानं दुपारभर पंगत बसवली. त्या दिवशी मी त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पाहिलं, ते वीस लाखांनीही आणलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेन्शन जमा झाली का ते बघायला मावशीनं बँकेचं अ‍ॅप उघडलं. अ‍ॅप म्हणालं, डेव्हलपर ऑप्शन्स चालू आहेत, सुरक्षेच्या कारणास्तव पुढे जाता येणार नाही. इकडे शेजारच्या बायकाही खाली जमल्या. कुणाचंच खातं उघडेना. दादानं सगळ्यांना समजावलं की अ‍ॅप दक्ष आहे, ही चांगलीच गोष्ट आहे, वेग हवा असेल तर शिल्लक दिसणार नाही आणि शिल्लक हवी असेल तर वेग जाईल.

“मला शिल्लक दिसू दे,” मावशी म्हणाली. “पळून मला कुठे जायचंय?”

यंदाच्या भाऊबीजेला दादानं घरात जमलेल्या फोनांची जाहीर स्पर्धा ठेवली. फराळाची ताटं एका बाजूला सरकवून टेबलावर पाच फोन ओळीनं मांडले. नियम दादाचे. पडदा बंद असलेला फोन उचलायचा, उघडायचा, काम करायचं. मुलाच्या हातात स्टॉपवॉच. वही उघडलेली, पाच रकाने.

पहिलं काम फोटोचं, दारातल्या रांगोळीचा. दादाच्या फोननं रांगोळीचा कणन् कण टिपला. दोनशे मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे तो. एरवी सोळा पिक्सेलचा एक करून साडेबारा मेगापिक्सेलचंच चित्र देतो, पण दादानं मुद्दाम पूर्ण दोनशेचा काढला. सगळ्यांनी वाहवा केली. मग सगळ्यांचे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले, व्हॉट्सअ‍ॅपनं ते आपल्या सवयीप्रमाणे चेपले, आणि मावशीच्या फोनवर पाचही रांगोळ्या सारख्याच दिसायला लागल्या. मावशीला आपलीच आवडली. तिच्यात कोपऱ्यात मांजर आलं होतं.

दुसरं काम फोन लावायचं. नंबर दादाचाच ठरला, सगळ्यांकडे असतो म्हणून. दादाच्या फोनसाठी मुलाचा नंबर.

“तीन, दोन, एक!”

दादानं अंगठा पडद्यावर ठेवला. फोन थरथरला आणि नाही म्हणाला. पुन्हा ठेवला. पुन्हा नाही. त्या काचेखाली प्रकाश टाकून बोटाचं चित्र काढणारा सेन्सर आहे, आणि दादाच्या बोटाला चकलीचं तेल होतं. त्यानं अंगठा झब्ब्याला पुसला, ठेवला, नाही. तर्जनी लावली. तर्जनीनं चिवडा खाल्लेला. “हा ऑप्टिकल आहे ना,” तो घाम पुसत म्हणाला, “अल्ट्रासॉनिक असता तर ध्वनिलहरींनी…”

मावशीच्या फोनला कुलूपच नाही. कुणापासून काय लपवायचंय, असं तिचं म्हणणं. पहिल्याच पडद्यावर दादाचा फोटो आहे, त्याला बोट लावलं की फोन लागतो. ही सोय कुणी करून दिली होती ते सांगायला नकोच. तिनं चष्माही लावला नाही. बोट लावलं आणि फोन कानाला धरून बसली.

टेबलावर काहीच वाजलं नाही. स्वयंपाकघरात वाजलं. पदराला हात पुसत वहिनी बाहेर आल्या, तडा गेलेला पोको पुढे करून म्हणाल्या, “अहो, आईंचा फोन आहे तुम्हाला.”

दादानं सवयीनं घेतला, सवयीनं कानाला लावला. दोन हातांवर बसलेली मावशी फोनमध्ये म्हणाली, “नंदू, आधी हात धू.”

“बघा!” दादानं फोन कानापासून जरा दूर धरून आम्हा सगळ्यांना ऐकवला. “आवाज किती स्वच्छ येतोय! याला म्हणतात व्होल्टी.”